हरळीला समुद्राचं खत

सुभेदार लालासाहेब निकमांनी घरापुढच्या जागेत हरळी लावली, त्या दिवशी टेकवाडीत कुणाच्याच तव्यावर वेळेला भाकरी पडली नाही. सगळा गाव बघायला लोटला होता. हरळी हे काही लावायचं गवत नव्हे. टेकवाडीच्या माणसाचा निम्मा जन्म ती उपटण्यात जातो. वावरात एक कांडी राहिली तरी पुढच्या पावसाळ्यात ती पीक खाते, म्हणून उन्हाळ्यात गुडघाभर खणून, मुळी न् मुळी वेचून तिला बांधावर जाळतात. आणि इथं वीस वर्षं पलटणीत काढून पेन्शनीत आलेला जाणता माणूस उकिडवा बसून एकेक कांडी ओळीत लावत होता. लावत होता तीही बायकोची, लीलाबाईंची, ऐन फुलावर आलेली वांगी उपटून. लोक हरळी उपटून वांगी लावतात. सुभेदारांनी उलटं केलं, एवढाच काय तो फरक.

"सुभेदार, लढाईत डोस्क्याला मार लागला व्हता का वो?" शेजारच्या नाथाजीनं काळजीनं विचारलं.

"मांडीला. डोस्क्याला न्हाई."

"मग ह्ये काय म्हनायचं?"

"लान."

"आनि वाढल्यावर ह्याचं करायचं काय? जनावरं सोडायची?"

"न्हाई."

"कापून बाजारात न्यायचं?"

"न्हाई. नुसतं बघायचं."

"बघायचंच आसंल तर माझ्या मळ्यात चला की! डोळं फुटंपातुर बघा."

"नाथाजी, घरला जा."

नाथाजी घरी गेला आणि आपल्या मळ्यातली चार भारे हरळी आणून सुभेदारांच्या दारात टाकून आला. बघता बघता गावातल्या प्रत्येकानं तेच केलं. टेकवाडीत सार्वजनिक कामाला एवढा उत्साह त्याआधी दिसला नव्हता.

आता सुभेदार हे का करत होते, तेही सांगायला हवं. लढाईत, इटलीच्या डोंगरात, त्यांच्या कंपनीवर मॅकरे नावाचा कॅप्टन होता. जवानांनी त्याचं मकरेसाहेब करून टाकलं होतं. साताऱ्या-सांगलीच्या पोरांत राहून साहेब मराठी शिकला, आणि शिकला तो असा की डोळे मिटून ऐकलं तर खटाव-कोरेगावकडचा कुणी पाटील बोलतोय असं वाटावं. एकदा पाऊस कोसळत असताना खंदकात चिखलात बसून साहेब आपल्या घराच्या आठवणी काढू लागला. "आमच्या दारापासनं दर्यापातुर निस्तं हिरवंगार आसतंय, लाला. आमचा बा थंडीत दर्याचं शेवाळ पाठीवर वाहून आनतो आनि जमिनीला घालतो. मग बघ कसं तरारतंय."

लालासाहेबांनी बेळगावला साहेब लोकांचे बंगले पाहिले होते. बंगल्यापुढचं लॉन पाहिलं होतं, त्यावर वेताच्या खुर्च्या टाकून चाललेला चहा पाहिला होता. त्यांनी ताबडतोब तो बंगला उचलून समुद्राकाठी नेऊन ठेवला. साहेबाचा बाप स्वतःच्या पाठीवरून ओझं का वाहतो, हा प्रश्न त्यांना पडला नाही असं नाही, पण साहेब लोक काम नसताना डोंगरही चढतात, हे त्यांना ठाऊक होतं.

"सायब, म्या जित्ता घरला गेलो तर दाराम्होरं तुमच्यावानी जागा करीन," ते म्हणाले. "तवा च्याला यायचं."

"येतो," साहेब म्हणाला.

त्याच लढाईत लालासाहेबांच्या मांडीत गोळी घुसली आणि साहेबानं त्यांना पाठुंगळी मारून, चिखल तुडवत मागं आणलं. त्यामुळं तो चहा आता नुसता चहा राहिला नव्हता. सुभेदारांच्या दृष्टीनं तो साहेबाला दिलेला शब्द होता, आणि हिरव्या गवताशिवाय तो पुरा होणार नव्हता.

लीलाबाईंना हे सगळं मान्य होतं. फक्त जागा मान्य नव्हती. नवरा लढाईवर असताना त्यांनी एकटीनं घर आणि मळा सांभाळला होता, आणि विहिरीलगतच्या त्या जागेतल्या वांग्यांना रहिमतपूरच्या बाजारात नाव होतं.

"सायबाला वांग्याचं भरीत केलं आसतं म्या," त्या म्हणाल्या. "गवत काय खायाचं हाय त्यानं?"

"तुला न्हाई कळायचं."

"मला एवढंच कळतंय की हरळी लावनारा नवरा देवानं मलाच दिला."

शब्दानं शब्द वाढला, नाथाजी कुंपणावरून ऐकत होता, आणि अशा वेळी माणसाच्या तोंडून जे निघू नये तेच निघतं. "सायब येईतो ही हरळी हिरवीगार झाली न्हाई, तर जागा तुझी," लालासाहेब गरजले. "परत म्या तिकडं बघनार न्हाई. सुभेदाराचा शबुद हाय."

"म्या साक्षीला हाय," नाथाजी म्हणाला.

पावसाळ्यात हरळी झकास झाली. सगळा डोंगरच हिरवा झाला होता, पण लालासाहेबांनी आपल्या अंगणापुरतं श्रेय घेतलं. पाऊस उघडला आणि त्यांनी तिला पलटणीची शिस्त लावली. दिवसातून चार वेळा पाणी. सकाळ-संध्याकाळ खळ्यावरचा दगडी रूळ. अधूनमधून, कुणी बघत नाही असं पाहून, लालासाहेब हरळीला दोन शब्दही सुनवायचे. दसऱ्यापर्यंत ती पिवळी पडली. उकरून उन्हात टाकली तरी न मरणारी, बैलांनी तुडवली तरी उठणारी हरळी सुभेदारांच्या अंगणात मान टाकून बसली.

"आवं, मरत न्हाई म्हनून आख्खी दुनिया तिला शिव्या घालती," लीलाबाई म्हणाल्या. "तुमी मारून दावलीसा. लोकांच्या मळ्यातली बी मारायला जावा, चार मानसं दुवा देतील."

दिवाळी झाली आणि बेळगावहून रजेवर आलेल्या जोतिबा नाईकानं बातमी आणली. मकरेसाहेब नोकरी सोडून कायमचे मायदेशी निघाले होते. पुण्याला जाताना पुढच्या रविवारी रहिमतपूरला उतरणार, सुभेदारांकडं चहा घेणार आणि संध्याकाळच्या गाडीनं पुढं जाणार. लालासाहेबांनी पिवळ्या अंगणाकडं पाहिलं. मग त्यांना साहेबाच्या बापाची आठवण झाली आणि ते तसेच रहिमतपूरला इलियासच्या दुकानी गेले.

इलियास सुक्या मासळीचा व्यापारी. माल चिपळूणकडून कुंभार्लीच्या घाटानं कराडला यायचा, आणि कराडहून आगगाडीनं रहिमतपूरला.

"इलियास, मला शेवाळ पायजे. समिंदरातलं."

इलियासनं हातातला तराजू खाली ठेवला. "खायाला?"

"हरळीला."

"हरळी मारायचीय व्हय? त्याला मीठच बरं की."

"मारायची न्हाई. वाढवायचीय."

इलियासनं तराजू आणखी लांब सरकवला. त्याचीही सहा पांड जमीन होती. मग तो हळू आवाजात म्हणाला, "सुभेदारसाब, माझ्या रानात लय तरारलीया. तीच न्या की. वर च्या पाजतो."

"शेवाळ आननार का न्हाई तेवढं बोल."

"आनतो. तितं कोळी लोक त्याला पायानं ढकलत्यात. पर वास येईल हां. माझ्या मालाला बी वास हाय, पर त्यो वळखीचा हाय."

दोन-तीन दिवसांत दहा पोती आली. ओलं शेवाळ, त्यात घाटातलं ऊन, त्यात डब्यात बोंबलाचं शेजारपण. रहिमतपूरच्या स्टेशनात पोती उतरली तेव्हा फलाटावरची माणसं न सांगता बाहेर गेली. इलियासनं ती आपल्या घोडागाडीत घातली आणि टेकवाडीचा रस्ता धरला.

नेमकं त्याच संध्याकाळी नाथाजीच्या दारात तुळशीचं लग्न होतं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि गाडी पांदीत असतानाच वास मांडवात पोचला. बायकांनी पदर नाकाला लावले. पुरुषांनी धोतराचे सोगे लावले. अंतरपाट धरणाऱ्या दोघांना दुसरं काही जवळ नसल्यानं त्यांनी अंतरपाटच वर ओढून नाकाला लावला, आणि मुहूर्ताच्या आधीच कृष्णाला तुळस दिसली. भटजींनी उरलेली मंगलाष्टकं एका श्वासात संपवली. लगीन लागलं. जेवायला मात्र कुणी थांबलं नाही.

"सुभेदार, माझ्या दारचं लगीन हाय!" नाथाजी नाक धरून ओरडला.

"झालं न्हवं? आता काय?" लालासाहेब म्हणाले आणि पोती उतरवायला लागले.

त्यांनी शेवाळ अंगणात पसरलं ते उसाला शेणखत घालावं तसं, घोटाभर. किती घालायचं हे साहेबानं सांगितलं नव्हतं, आणि टेकवाडीत खत कमी घालणाऱ्याला कुणी शहाणा म्हणत नाही. हरळी दिसेनाशी झाली. पाणी घालायलाही जागा राहिली नाही आणि रूळ फिरवायची तर सोयच नव्हती. रात्रीपर्यंत गावातली यच्चयावत मांजरं कुंपणावर येऊन बसली, हुंगून बघून निराश झाली, तरी उठेनात. लीलाबाईंनी चूल मागच्या पडवीत हलवली.

"आवं, खाली हरळी हाय का गेली?" त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"खत खातीया."

"मला वाटतं खतच तिला खातंय."

"दम धर जरा."

दोन दिवसांच्या उन्हानं शेवाळ वाळलं आणि त्यावर मिठाचा पांढरा थर आला. लालासाहेबांना ते शुभ लक्षण वाटलं. कशाचं, हे त्यांना सांगता आलं नसतं. रविवार तोंडावर आला होता आणि शुभ लक्षणाखेरीज त्यांच्या हाती दुसरं काही नव्हतं.

शनिवारी दिवस मावळायच्या वेळेला माणदेशातला गुंडा धनगर आपली मेंढरं घेऊन गावाखालच्या वाटेनं निघाला होता. दर साल दिवाळीनंतर तो या वाटेनं खाली जायचा. गावचे शेतकरी त्याला हाताला धरून, घरचं धान्य देऊ करून आपल्या रानात मेंढरं बसवायला बोलवायचे, कारण मेंढरं एक रात्र बसली की त्या रानाला वर्षभर दुसरं खत लागत नाही. या खेपेला गुंडाला कुणी बोलवायची गरज पडली नाही. वारा फिरला, पुढच्या एडक्यानं नाक वर केलं, आणि सगळा कळप वाट सोडून सुभेदारांच्या घराकडं वळला. घायपाताचं कुंपण होतं तिथं एका क्षणात नुसती वाट झाली.

लालासाहेब धावत बाहेर आले. ज्या आवाजानं एके काळी अख्खी कंपनी जागच्या जागी थांबायची, त्या आवाजात ते ओरडले, "हॉल्ट!"

मेंढरं पलटणीत नव्हती. ती शेवाळ खात राहिली.

गुंडा धापा टाकत मागून आला. त्यानं एक पात उचलून जिभेला लावली. "सुभेदार, हे मीठ कुनी घातलं ह्यास्नी?"

"म्या घातलं. मेंढरास्नी न्हाई, हरळीला."

"हरळीला." गुंडानं दारात उभ्या असलेल्या लीलाबाईंकडं पाहिलं आणि आवाज उतरवून विचारलं, "कवापासनं हाय हे, वैनी?"

"लढाईवरनं आल्यापासनं," लीलाबाई म्हणाल्या.

"हाकल ती मेंढरं!" लालासाहेब कडाडले.

"आवं, मेंढरू मिठावर बसलं की देव आला तरी उठत न्हाई. उठवून बघा तुमीच."

लालासाहेबांनी उठवून पाहिलं. एक मेंढरू उचलून ते कुंपणाबाहेर ठेवून आले, तर ते त्यांच्या आधी आत पोचलं. दुसरं उचललं, तिसरं उचललं. अंधार पडेपर्यंत सुभेदार मेंढरं वाहत होते आणि कळप होता तेवढाच होता. कुंपणापलीकडं नाथाजी हळहळत होता. "नशीब बघा. आमी पायली-पायली जुंधळं देऊन ह्यास्नी बोलवायचं, आनि ही फुकाट ह्यांच्या दारात!"

सकाळी अंगणात हिरवं असं काही नव्हतं. पिवळंही नव्हतं. उरलंसुरलं शेवाळ होतं, लेंड्यांचा सडा होता आणि त्यावर तृप्त होऊन बसलेली मेंढरं होती. लालासाहेबांनी इस्त्रीचा गणवेश घातला, पदकं लावली आणि फासावर जाणाऱ्या माणसाच्या शांतपणानं ते इलियासच्या गाडीत बसून स्टेशनवर गेले.

साहेब उतरला, त्यानं सुभेदारांना कडकडून मिठी मारली आणि म्हणाला, "चल लाला. च्या पाज."

"साहेब, आदी औंधाची यमाई बघू. लय जागृत हाय."

"औंध ऱ्हाऊ दे. सांजच्या गाडीनं जायाचंय मला."

"मग आमची साळा बघा. नवी बांधलीया."

"आरं, म्या काय डिप्टी हाय व्हय साळा बघायला? घरला चल."

"इलियास," लालासाहेब म्हणाले, "जरा लांबच्या वाटंनं घे." पण लांबच्या वाटेला ओढा होता, घोड्याला सुभेदारांच्या दारची वैरण आठवली होती, आणि गाडी नेहमीपेक्षा लवकरच टेकवाडीत पोचली. वाटेत लालासाहेबांनी तीनदा घसा साफ करून "साहेब, एक सांगायचं व्हतं" अशी सुरुवात केली. तिन्ही वेळा साहेबानं त्यांच्या मांडीवर थाप मारून "दुखती का रं आजून?" असं विचारलं आणि सुभेदारांना पुढचं बोलवलं नाही. या माणसानं आपल्याला पाठीवर वाहून आणलं आणि आपल्याला त्याच्यासाठी साधं गवत वाढवता आलं नाही.

सगळा गाव धुतलेले कपडे घालून दारात उभा होता. साहेब गाडीतून उतरला आणि अंगणाच्या तोंडाशी थबकला. वास त्याच्या नाकात शिरला. एक म्हातारी मेंढी लांबलचक शेवाळाची पात चघळत त्याच्याकडं बघत होती. साहेबानं टोपी काढली. पुढं जाऊन त्यानं जमिनीवरची एक पात उचलली, नाकाशी धरली, आणि लालासाहेब बघतात तो त्याच्या डोळ्यांत पाणी.

"लाला," तो म्हणाला, "हे तू माझ्यासाठी केलंस?"

लालासाहेब सावधान उभे होते.

"शेवाळ आनलंस. मेंढरं आनलीस. आक्शी आमच्या बाच्या दाराम्होरं बसतात तशी बसवलीस रं!"

"व्हय, साहेब," लालासाहेब म्हणाले. वीस वर्षांत ते वरिष्ठाशी खोटं बोलले नव्हते, आणि हेही अर्धंच खोटं होतं. पण त्यांच्यानं राहवलं नाही. "पर साहेब, तुमचं ते लान..."

"लान? कसलं लान?"

"दारापासनं दर्यापातुर. हिरवंगार."

"त्यो बटाट्याचा पाला!" साहेब हसायला लागला. "लान मोठ्या जमीनदाराच्या बंगल्याम्होरं आसतंय. आमी कुनबी मानसं, लाला. दोन गाया, थोडी मेंढरं. शेवाळ घालतो ते बटाट्याला, उरलेलं ही मेंढरं खात्यात. लढाई लागली म्हनून सायब झालो, न्हाईतर बाच्या जोडीला खांद्यावर वझं व्हतंच की."

गावात कुजबुज झाली. साहेब कुणबी निघाला, ही बातमी मागच्या माणसांपर्यंत जायला वेळ लागला, कारण ज्याला कळली तो आधी स्वतः पटवून घेत होता. दाराआडून ऐकत असलेल्या लीलाबाईंनी नाकावरचा पदर काढला आणि त्या सरळ अंगणात आल्या.

"म्हंजी भाजीपाल्याला घालत्यात की शेवाळ."

"व्हय, वैनी. तुमी काय लावनार हितं?"

लीलाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. हिरवी हरळी दाखवायची होती ती साहेब येण्याआधी. साहेब आला होता. सुभेदारांनी मान खाली घातली.

"वांगी," लीलाबाई म्हणाल्या.

"झ्याक! खत तर बसलंयच. कुदळ हाय का घरात?"

साहेबानं कोट काढून इलियासच्या हातात दिला आणि बाह्या सरसावल्या. लीलाबाईंनी कुदळ आणली, गुंडानं मेंढरं एका अंगाला रेटली, आणि जो गोरा माणूस चहाला येणार म्हणून गावानं ठेवणीतले धोतरजोडे काढले होते तो लेंड्यांत उभा राहून वाफे पाडू लागला. लालासाहेब चहाचा ट्रे हातात धरून बांधावर उभे राहिले. दुसऱ्याच घावाला कुदळीबरोबर पिवळ्या मुळ्यांचं जाळं वर आलं.

"आरं तिच्या मारी!" साहेब ओरडला. "ही हरळी न्हवं? पोरं पलटनीत हिच्या नावानं बोटं मोडायची. एवढ्या चांगल्या जागंत ही कुनी लावली?"

टेकवाडीतल्या लहानथोर सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं. नाथाजीनं ते द्यायला तोंड उघडलं.

"नाथाभावजी, तुमची म्हस सुटलीया बघा," लीलाबाई म्हणाल्या, आणि नाथाजी धावत सुटला. मग साहेबाकडं वळून त्या सहज म्हणाल्या, "हरळी का कुनी लावतंय व्हय, भावजी? ती आपली आपुन येती."

"तेबी खरं," साहेब म्हणाला.

लालासाहेबांनी ट्रे खाली ठेवला, पदकांसकट उकिडवे बसले आणि आपली हरळी उपटायला लागले. कुंपणाच्या कडेला, मेंढरांचं तोंड पोचलं नव्हतं तिथं, शेवाळाचा उरलेला थर त्यांनी बाजूला केला आणि त्यांचा हात थांबला. खाली हरळी तरारली होती. समुद्राच्या खतानं म्हणा, की चार दिवस सुभेदारांनी तिला पाणी आणि रूळ दाखवला नव्हता म्हणून म्हणा, कोवळी, दाट, हिरवीगार हरळी, बेळगावच्या बंगल्यापुढं शोभेल अशी. साहेब येण्याआधीच झालेली. जागेचा सगळा निकाल त्यांच्या मुठीत होता, आणि साक्षीदार म्हशीमागं धावत गेला होता.

"काय घावलं वो?" लीलाबाईंनी वाफ्यातूनच विचारलं.

"काय न्हाई," लालासाहेब म्हणाले. "समदी वाळूनच गेलीया." आणि ती मूठ त्यांनी मुळांसकट उपटून कुंपणापलीकडं नाथाजीच्या रानात भिरकावली.